अठरा इनिंग, पस्तीस धावा आणि दोनच पिचर

१० जुलै १९३२, रविवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड शहर, मैदान लीग पार्क. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स आणि क्लीव्हलँड इंडियन्स यांच्यातला बेसबॉलचा सामना नऊ इनिंगांत संपायचा तो अठरा इनिंगांपर्यंत लांबला आणि अ‍ॅथलेटिक्सने तो १८-१७ असा जिंकला. दोन्ही संघांचे मिळून ५८ हिट झाले. अ‍ॅथलेटिक्सचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) एडी रॉमेल याने १७ इनिंग टाकल्या, २९ हिट खाल्ले, १४ धावा दिल्या. तरीही विजय त्याच्याच खात्यावर लागला.

आकडे वाचून हा काहीतरी विक्षिप्त योगायोग वाटतो. प्रत्यक्षात यातला बराचसा भाग सामना सुरू होण्यापूर्वीच ठरला होता. फिलाडेल्फियाहून निघालेल्या गाडीत पिचर किती बसवायचे, या एका निर्णयातून पुढचं बहुतेक सगळं घडलं.

आधी खेळाचा सांगाडा पाहू. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला तेवढा पुरेल. प्रत्येक इनिंगचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पाहुणा संघ बॅटिंग करतो, दुसऱ्या भागात यजमान. तीन खेळाडू बाद झाले की तो भाग संपला. अशा नऊ इनिंग. नऊनंतर बरोबरी असेल तर दहावी, अकरावी, बारावी, आणि एखाद्या पूर्ण इनिंगनंतर कुणीतरी पुढे जाईपर्यंत तसंच चालू. घड्याळ नसतं, षटकं नसतात. त्या काळी प्रकाशझोतही नव्हते. मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या व्यावसायिक बेसबॉलमधला, पहिला रात्रीचा सामना १९३५ साली सिनसिनाटीत झाला. म्हणजे १९३२मध्ये सामना थांबवू शकणाऱ्या गोष्टी दोनच, पाऊस आणि अंधार.

धाव म्हणजे चार बेसची, म्हणजे चौकोनाच्या कोपऱ्यांवरच्या ठाण्यांची, पूर्ण प्रदक्षिणा; शेवटचा बेस म्हणजे ‘घर’. चौकोनाची एकेक बाजू ९० फुटांची. बॅटरने चेंडू मारून निदान पहिला बेस सुखरूप गाठला की तो हिट, पण हिट म्हणजे धाव नव्हे. पुढच्या कुणीतरी त्याला उरलेल्या बेसवरून पुढे ढकलावं लागतं. पिचरने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले, तर पहिला बेस फुकट. याला वॉक म्हणतात.

आता या गोष्टीत सर्वात महत्त्वाचा नियम. बेसबॉलमध्ये एकदा बदलून बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. क्रिकेटमध्ये मार खाल्लेल्या बोलरला दोन षटकं विश्रांती देऊन दुसऱ्या टोकाकडून पुन्हा आणता येतं. इथे मॅनेजरने पिचर बाहेर काढला की तो त्या दिवसापुरता संपला. त्यामुळे पिचर ही मोजून खर्च करायची चीज असते. पाच हाताशी असतील तर चुका परवडतात. दोनच असतील तर एकच चूक परवडते.

अ‍ॅथलेटिक्सचा मालक-मॅनेजर कॉनी मॅक याने त्या दिवशी दोनच आणले होते.

मॅक तेव्हा ६९ वर्षांचा होता. संघाचा पोशाख न घालता सूट घालून डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, बसणारा, १९०१पासून संघ चालवणारा आणि १९५०पर्यंत चालवणार असलेला माणूस. त्याचा संघ फुटकळ नव्हता. १९२९ आणि १९३०ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम फेरी, त्यांनी जिंकली होती, १९३१मध्येही ती गाठली होती. पण फिलाडेल्फियात एक अडचण होती. पेनसिल्व्हेनिया राज्यात १७९४पासूनचा एक कायदा लागू होता. त्यानुसार रविवारी, म्हणजे चर्चच्या दिवशी, धंदेवाईक कामांना बंदी. पैसे घेऊन खेळवलेला बेसबॉल हा धंदाच. १९२६मध्ये मॅकने एका रविवारी सामना खेळवून पाहिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला.

सुट्टीचा दिवस म्हणजे तिकीटविक्रीचा दिवस, आणि घरच्या मैदानावर नेमकी त्याच दिवशी बंदी. ओहायोत मात्र रविवारी खेळायला मोकळीक होती. मग तोडगा असा निघायचा: घरच्या सामन्यांच्या मालिकेतच मध्ये एक रविवार दुसऱ्या राज्यात जाऊन एक सामना खेळायचा आणि परत यायचं. १० जुलैचा सामना या प्रकारातला. एका दिवसासाठी रात्रभराचा रेल्वेप्रवास. महामंदी चालू होती, संघात महागडे खेळाडू होते, आणि मॅक हिशेबाला पक्का. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने अ‍ॅल सिमन्स, जिमी डाइक्स आणि म्यूल हास हे तीन बिनीचे खेळाडू शिकागो व्हाइट सॉक्सला विकले, यावरून तिजोरीची कल्पना यावी.

एका सामन्याला एक पिचर लागतो, फार तर दुसरा. बाकीच्यांची तिकिटं कशाला काढायची? त्या मोसमात २५ सामने जिंकणारा लेफ्टी ग्रोव्हसुद्धा मागेच राहिला. गाडीत बसले ते २० वर्षांचा नवखा ल्यू क्राउस आणि ३४ वर्षांचा, उतरणीला लागलेला एडी रॉमेल.

हिशेब म्हणून यात फार मोठी चूक नव्हती. पिचरने सुरू केलेला सामना स्वतःच संपवणं त्या काळी सर्रास होतं. पण या योजनेत एक गृहीतक दडलेलं होतं, की पहिला पिचर निदान पाच-सहा इनिंग तग धरेल. क्राउसला पहिल्याच इनिंगमध्ये चार हिट बसले, तीन धावा गेल्या. आणि मॅकने त्याला काढलं.

मॅकची खरी चूक इथे झाली, रेल्वे स्टेशनवर नव्हे. दुसऱ्या इनिंगच्या आरंभी त्याचा संघ २-३ असा फक्त एका धावेने मागे होता. तरी त्याने हातातला एकमेव राखीव पिचर मैदानात उतरवला, आणि त्यानंतर त्याच्याजवळ काहीच उरलं नाही. रॉमेलला कितीही मार पडो, हात दुखो, सामना कितीही लांबो, चेंडू त्याच्याकडेच राहणार होता.

धावफलक असा. डावीकडून एकेक आकडा म्हणजे एकेका इनिंगमधल्या धावा:

अ‍ॅथलेटिक्स: २ ० १ | २ ० १ | ७ ० २ | ० ० ० | ० ० ० | २ ० १ = १८
क्लीव्हलँड: ३ ० ३ | ० १ १ | ६ ० १ | ० ० ० | ० ० ० | २ ० ० = १७

बेसबॉलचा असा फलक वाचताना बेरजेच्या आधी उभे स्तंभ पाहावेत. कुणी धाव केली की प्रतिस्पर्ध्याने त्याच इनिंगमध्ये काय उत्तर दिलं, हे तिथे दिसतं. इथे सातवा स्तंभ डोळ्यांत भरतो.

सहा इनिंगनंतर क्लीव्हलँड ८-६ असं पुढे होतं. सातव्यात अ‍ॅथलेटिक्सने क्लीव्हलँडचा पिचर क्लिंट ब्राउन याला गाठलं. तो दोन बाद करेपर्यंत टिकला, पण मार पडत गेला आणि मॅनेजर रॉजर पेकिनपॉने त्याला बाहेर काढलं. दुसरा पिचर विलिस हडलिन आला. त्याने एकालाही बाद न करता दोन वॉक दिले आणि तोही गेला. तिसरा आला वेस फेरेल, क्लीव्हलँडचा सर्वोत्तम पिचर. इनिंगचा पहिला भाग संपला तेव्हा सात धावा झाल्या होत्या आणि फलक होता १३-८. आता दुसऱ्या भागात रॉमेलने सहा धावा दिल्या. १३-१४. पेकिनपॉने एका इनिंगमध्ये तीन पिचर वापरले. मॅक जागचा हललाही नाही. हलून करणार काय?

नवव्या इनिंगमध्ये अ‍ॅथलेटिक्स एका धावेने मागे, दोन बाद. एक बाद झाला की सामना खलास. जमिनीलगत आलेला एक साधा चेंडू क्लीव्हलँडच्या पहिल्या बेसवरच्या एड मॉर्गनला सावरता आला नाही. बेसबॉलमध्ये याची ‘एरर’ म्हणून वेगळी नोंद होते आणि ती क्षेत्ररक्षकाच्या नावावर पडते. पण नोंदीपेक्षा परिणाम मोठा. तिसरा बाद न मिळाल्याने इनिंग जिवंत राहिली आणि अ‍ॅथलेटिक्सने दोन धावा काढल्या. १५-१४. क्लीव्हलँडने आपल्या भागात एक काढून बरोबरी केली. १५-१५, आणि अतिरिक्त इनिंग सुरू.

यापुढचा भाग सामन्यातला सर्वात चमत्कारिक, पण मथळ्यांत तो कधी येत नाही. दहाव्यापासून पंधराव्यापर्यंत सहा इनिंगांत दोन्ही संघांची एकही धाव नाही. रॉमेलचा हिशेब मांडून पाहा: दुसऱ्या ते नवव्या इनिंगपर्यंत, म्हणजे पहिल्या आठ इनिंगांत त्याने १२ धावा दिल्या. दहाव्या ते अठराव्यापर्यंत, म्हणजे नंतरच्या नऊ इनिंगांत फक्त दोन. थकत जाणारा माणूस सुधारला कसा?

एक कारण त्याच्या चेंडूत आहे. रॉमेल नकलबॉल टाकायचा. आधुनिक नकलबॉलचा जनक असंही त्याला म्हणतात. १९२२ साली अ‍ॅथलेटिक्सने संपूर्ण मोसमात ६५ सामने जिंकले आणि सातव्या स्थानावर राहिले. त्यातले २७ एकट्या रॉमेलचे होते. या चेंडूत बोटांची टोकं किंवा नखं चेंडूच्या कातड्यावर रोवून धरतात आणि मनगटाचा झटका न देता तो पुढे ढकलतात. हेतू असा की चेंडू जवळजवळ न फिरता जावा. बेसबॉलच्या चेंडूवर १०८ दुहेरी टाके असतात. चेंडू वेगाने फिरत असेल तर शिवणीचा परिणाम सगळ्या बाजूंना सारखा वाटला जातो. तो नुसता सावकाश वळत असेल तर शिवण कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या बाजूला येते, त्या त्या बाजूची हवा वेगळी सुटते, आणि चेंडू ६० फूट ६ इंचांच्या त्या अंतरात कुठे झुकेल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

यात बिघडतं ते असं. बोट किंचित घसरलं, घामाने कातडं ओलं झालं, की चेंडूला फिरकी मिळते. फिरणारा नकलबॉल म्हणजे संथ, सरळ, पोटात येणारा चेंडू. बॅटरला याहून चांगलं काही नको असतं. नेम धरणंही अवघड, म्हणून वॉक वाढतात. रॉमेलने त्या दिवशी नऊ वॉक दिले. मात्र या चेंडूला खांद्याचा आणि कोपराचा जोर कमी लागतो. वेगावर जगणाऱ्या पिचरचा हात शंभरेक चेंडूंनंतर उतरतो आणि त्याबरोबर त्याची धारही. नकलबॉलवाल्याकडे गमावण्यासारखा वेग मुळातच नसतो. दोनच पिचर असताना त्यातला एक रॉमेल निघाला, हे मॅकचं नशीब.

दुसरं कारण कमी देखणं आहे: हिटचा क्रम. क्लीव्हलँडचे त्या दिवशी ३३ हिट. त्यात रॉमेलचे नऊ वॉक मिळवले तर निदान ४२ वेळा त्यांचा माणूस बेसवर पोहोचला. धावा १७. म्हणजे निदान पंचवीस जण बेसवर ताटकळत राहिले किंवा वाटेत बाद झाले. तीन हिट सलग पडले तर धावा होतात. तेच तीन हिट तीन वेगळ्या इनिंगांत विखुरले तर बहुधा शून्य. सातव्यात ते सलग पडले, दहाव्यानंतर विखुरले. यात पिचरचं कसब किती आणि दैव किती हे वेगळं काढणं कठीण, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर फार विश्वास ठेवू नये.

रॉमेलने एकूण किती चेंडू टाकले असतील? त्या काळी चेंडू मोजत नसत, पण अंदाज बांधता येतो. १७ इनिंग म्हणजे ५१ बाद. २९ हिट. ९ वॉक. बेरीज ८९. त्यातून एकाच चेंडूवर दोघे बाद होणं, बेसवर धावताना बाद होणं असे काही वजा करायचे, म्हणजे ८५च्या आसपास बॅटर त्याच्यासमोर आले असणार. बॅटरमागे सरासरी तीन चेंडू धरले तरी अडीचशेच्या वर, साडेतीन धरले तर तीनशेच्या घरात. आजच्या मेजर लीगमध्ये पिचर शंभरावर गेला की मॅनेजर राखीव पिचर तयार करायला फोन उचलतो.

क्लीव्हलँडच्या बाजूनेही एकच माणूस ओढत होता. सातव्यात आलेल्या फेरेलने शेवटपर्यंत ११ पूर्ण आणि एक तृतीयांश इनिंग टाकल्या. ‘एक तृतीयांश’ म्हणजे तीनपैकी एक बाद. ब्राउनच्या ६ आणि दोन तृतीयांश, हडलिनचं शून्य आणि फेरेलच्या या मिळून बरोबर अठरा भरतात.

सोळाव्यात अ‍ॅथलेटिक्सने दोन धावा काढल्या आणि संपलं असं वाटलं. क्लीव्हलँडनेही दोन काढल्या. १७-१७. अठराव्यात जिमी फॉक्स हिट मारून बेसवर आला. पाठोपाठ एरिक मॅकनेअरचा फटका लेफ्ट फील्डकडे गेला. जो व्हॉस्मिक अडवायला आला, आणि चेंडू वेडावाकडा उसळून त्याच्या डोक्यावरून निघून गेला. फॉक्स धावत सुटला तो थेट घरापर्यंत. १८-१७. क्लीव्हलँडच्या हातात अजून दुसरा भाग होता, पण रॉमेलने त्यात धाव दिली नाही. चार तासांहून थोडा जास्त वेळ लागला. अठरा इनिंग आणि पस्तीस धावांच्या मानाने हा वेग चक्रावून टाकणारा आहे.

नोंदींचं थोडं. क्लीव्हलँडचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जॉनी बर्नेट याने ११ प्रयत्नांत नऊ हिट मारले, सात एकेरी (एक बेस गाठणारे) आणि दोन दुहेरी (दोन बेस गाठणारे). मेजर लीगमध्ये एका सामन्यात नऊ हिट त्याच्याआधी कुणी मारले नव्हते, आणि अजून कुणी मारलेले नाहीत. त्याचा संघ हरला. फॉक्सने सहा हिट मारले, त्यात तीन होम रन (एकाच फटक्यावर चारही बेस पार), आणि त्याच्या बॅटवर आठ धावा आल्या. त्या मोसमात त्याने ५८ होम रन मारले, बेब रूथच्या तेव्हाच्या ६०च्या विक्रमाला दोन कमी.

आणि रॉमेलचा विजय? बेसबॉलमध्ये विजय संघाबरोबर एका पिचरच्या नावेही लिहितात. निर्णायक आघाडी मिळाली तेव्हा ज्याच्या हातात चेंडू होता, त्याच्या नावे. त्याने किती मार खाल्ला हा प्रश्न नाही. नऊ इनिंगमागे रॉमेलने दिलेल्या धावा काढल्या (१४ गुणिले ९, भागिले १७) तर ७.४१ येतात. एवढ्यात एरवी सामना हरतातच. पिचरच्या नावे विजय लिहिण्याच्या या पद्धतीवर आज पुष्कळ टीका होते, ती अशा उदाहरणांमुळेच. हा रॉमेलचा १७१वा आणि शेवटचा विजय. राखीव पिचर म्हणून एका सामन्यात १७ इनिंग हा मेजर लीगच्या दोन लीगांपैकी अमेरिकन लीगचा विक्रम आहे. दुसऱ्या लीगमध्ये १९१५ साली शिकागो कब्जच्या झिप झेबलने याहून थोडं जास्त, १८ आणि एक तृतीयांश, टाकलेलं आहे. रॉमेलने पुढे पंचगिरी पत्करली आणि १९३८ ते १९५९ अमेरिकन लीगमध्ये अंपायर म्हणून काढली.

आज असा सामना होऊ शकेल का? जवळजवळ नाही. संघात २६ खेळाडू असतात आणि त्यातले बहुधा तेरा पिचर, सगळे सोबत. २०२०पासून मोसमातल्या नेहमीच्या सामन्यांत दहाव्या इनिंगपासून प्रत्येक भाग दुसऱ्या बेसवर एक धावपटू उभा करूनच सुरू होतो. एक चांगला हिट आणि धाव. हा नियम आणला तो सामने लांबून पिचर संपू नयेत म्हणूनच. बाद फेरीत मात्र तो लागू नाही, तिथे अजूनही जुन्या पद्धतीने कितीही इनिंग होऊ शकतात.

फिलाडेल्फियाचा रविवार १९३३च्या नोव्हेंबरमध्ये मतदानाने मोकळा झाला. १९३४च्या मोसमापासून अ‍ॅथलेटिक्स रविवारी आपल्याच मैदानावर खेळू लागले.

लीग पार्कवरच्या या सामन्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३१ जुलैच्या रविवारी, क्लीव्हलँडने नव्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये आपला पहिला सामना खेळला. समोर पुन्हा अ‍ॅथलेटिक्स. प्रेक्षक ८०,१८४. या खेपेला मॅकचा पिचर होता लेफ्टी ग्रोव्ह, क्लीव्हलँडचा मेल हार्डर. अ‍ॅथलेटिक्स जिंकले, १-० असे.